पाण्याच्या तीन वाटा

औसा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याला "चांगली माती कोणती?" असे विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता काळ्या रानाकडे बोट दाखवील. त्याचे म्हणणे खोटे नाही. या काळ्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी, तूर आणि हरभरा पिकविला आहे. पावसाळा संपून आभाळ निरभ्र झाले, तरी ही माती आपल्या पोटात ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी तरारून येते. म्हणूनच लोक तिला मायेने 'काळी आई' म्हणतात. मीही याच मातीत खेळलो आणि वाढलो. ही माती एखाद्या रोपाचा जीव घेईल, असे मला त्या काळी कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. परंतु एका श्रावणात ते माझ्या डोळ्यांदेखत घडले.

त्या वेळी मी नुकताच शिक्षक झालो होतो. शाळेच्या अंगणात बाग फुलवावी, अशी माझी फार इच्छा होती. एका शेतातून गाडीभर काळीभोर माती आणविली. तिने वाफे भरले, कुंड्या भरल्या. प्रत्येक मुलाने घरून एक रोप आणावे व त्याची निगा राखावी, असे ठरले. कोणी झेंडू आणला, कोणी तुळस, कोणी जास्वंदीची फांदी. माळावरच्या वस्तीतून येणाऱ्या एका मुलीने कोरफड आणली. ती कोरफड तिच्या आजीने लावलेली होती. वस्तीवर कोणाला भाजले, तर आजी तिचे पान चिरून आतला गर लावीत असे. आजी त्याच उन्हाळ्यात वारली होती. म्हणून त्या झाडाचे एक पिल्लू मुळासकट काढून नातीने ते शाळेच्या बागेसाठी आणले होते. मी ते कौतुकाने सर्वांत मोठ्या कुंडीत, सर्वांत काळ्या मातीत लावले.

आषाढ बरा गेला. श्रावणात मात्र झड लागली. सहा-सात दिवस सूर्यदर्शन झाले नाही. झेंडू व तुळस त्या पावसात तग धरून राहिली. परंतु कोरफडीची पाने पिवळी पडली, पाणचट झाली आणि एके सकाळी ती कुंडीच्या काठावर लोळण घेत असलेली दिसली. मी रोपाला हात लावला, तो ते अलगद माझ्या हातात आले. मुळे काळी पडून कुजली होती आणि त्यांना दुर्गंधी येत होती.

मी त्या मुलीला सर्व वर्गासमोर उभे केले आणि रागाने म्हणालो, "कोरफडीला इतके पाणी घालतात का? तुझ्या निष्काळजीपणाने रोप मेले!"

ती खाली मान घालून उभी राहिली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "गुरुजी, मी पाणी घातलंच नाही. पाऊसच पडत होता."

"मग पावसात ठेवलीस कशाला?"

"पण गुरुजी, आमच्या माळावरसुद्धा हाच पाऊस पडतो. तिथली कोरफड तर मरत नाही."

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी तिला खाली बसण्यास सांगितले. पण दिवसभर तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पाऊस तोच, रोप तेच, मग एक जगते आणि एक मरते, असे का व्हावे?

रविवारी मी तिच्या वस्तीवर गेलो. वाट काळ्या रानातून जात होती. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते. तरीही चिखल असा की, चपलांना थरावर थर चिकटून पाय जड झाले. शेवटी चपला हातात घेतल्या. बांध ओलांडून माळ चढू लागलो आणि काय आश्चर्य! पायांखालची जमीन टणक व कोरडी लागली. तांबूस-करड्या मुरमाची ती बरड जमीन होती. तिच्यावर गवत खुरटलेले, पण घराजवळच्या उतारावर आजीची कोरफड मात्र टवटवीत उभी होती. तिची पाने पाण्याने टच्च भरली होती आणि भोवती चार-पाच पिल्ले फुटली होती.

मुलीचे आजोबा आयुष्यभर विहिरी खोदण्याच्या कामावर गेलेले. माझी अडचण ऐकून त्यांनी कुदळीने एक लहानसा खड्डा खणला, त्यात बादलीभर पाणी ओतले आणि ते म्हणाले, "बघा गुरुजी." आम्ही बोलत उभे राहिलो. थोड्याच वेळात खड्ड्यातले पाणी दिसेनासे झाले.

"पाणी जसं आलं पाहिजे, तसं गेलंही पाहिजे," आजोबा म्हणाले. "काळं रान पाण्याला धरून ठेवतं, माळ त्याला वाट देतो. ज्वारीला धरणारी जमीन लागते, कोरफडीला वाट देणारी."

मुलांनो, या साध्या शब्दांत मोठे शास्त्र साठविलेले आहे. ते आपण नीट समजावून घेऊ.

आपल्या पायांखालचा काळा खडक म्हणजे बेसॉल्ट होय. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोंढे वर आले, थरांवर थर साचले आणि थंड होऊन दख्खनचे पठार तयार झाले. ऊन, वारा व पाऊस यांनी हा खडक हळूहळू झिजतो. अर्धवट झिजला, म्हणजे त्याचा मुरूम होतो आणि पूर्ण झिजून त्याचे अगदी बारीक पीठ झाले, म्हणजे काळी माती होते. अशा रीतीने मुरूम आणि काळी माती ही एकाच खडकाची लेकरे आहेत. परंतु दोघांचे स्वभाव भिन्न आहेत.

हा फरक कणांच्या आकाराचा आहे. जाड वाळूचा कण 2 मिलिमीटरपर्यंत मोठा असतो. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहूनही लहान असतो. काळ्या मातीत असे सूक्ष्म कण पुष्कळदा निम्म्याहून अधिक असतात. शिवाय ते पाणी पिऊन फुगतात. म्हणूनच उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जातात. भेगा मिटल्या की पाण्याची वाट बंद होते. मुरमाचे खडे मात्र फुगत नाहीत. त्यांच्यामधल्या मोठ्या फटींतून पाणी खाली जाते आणि त्याच्या मागोमाग हवा आत येते. ही हवा फार महत्त्वाची आहे. कारण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. फटी पाण्याने भरून राहिल्या, तर मुळे गुदमरतात आणि गुदमरलेल्या मुळांवर कुजविणाऱ्या बुरशीचा हल्ला होतो.

आता तुम्ही विचाराल की, त्याच मातीत झेंडू कसा जगला? कुंडीत पडलेल्या पाण्याला बाहेर जाण्यास तीन वाटा असतात. पहिली वाट खाली, म्हणजे मातीतून झिरपून कुंडीच्या भोकाकडे. दुसरी वाट वर, म्हणजे मातीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन हवेत. तिसरी वाट झाडातून; मुळे पाणी ओढतात आणि पाने ते हवेत सोडतात. झेंडूची पातळ पाने दिवसा सतत पाणी सोडीत असतात. त्यामुळे झडीमध्ये मधूनच उघडीप झाली, तरी तो आपल्या मुळांजवळचे पाणी स्वतःच उपसू लागतो.

कोरफडीची रीत निराळी आहे. मांसल पानांच्या बहुतेक वनस्पती दिवसा आपल्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडतात. त्या रात्री हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन आम्लाच्या रूपाने पानांत साठवितात व दिवसा दारे लावून सूर्यप्रकाशात त्याचे अन्न करतात. या गोष्टीचा एक जुना धागा आपल्याच देशात सापडतो. दक्षिण भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हायने या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पाने चाखून पाहिली. ती सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतात, असे त्याला आढळले. त्याचे हे निरीक्षण 1815 साली प्रसिद्ध झाले. रात्री साठविलेले आम्ल दिवसा खर्च होते, म्हणून चव पालटते, हा उलगडा पुढील संशोधकांनी केला. (तुम्ही मात्र ओळख नसलेली पाने चाखू नका. शेर व निवडुंग यांचा चीक तर डोळ्यांना फार अपायकारक असतो.)

दिवसा दारे मिटून बसणारी कोरफड पाणी फारच थोडे खर्च करते. दुष्काळात हा तिचा मोठा गुण. पण झडीत तोच तिला घातक ठरतो. माझ्या कुंडीत काय घडले, ते आता तुमच्या ध्यानी येईल. श्रावणातील हवा दमट होती, म्हणून वरची वाट जवळजवळ बंद. कोरफड पाणी उपसणारी नव्हे, म्हणून झाडातली वाट अरुंद. उरली एकच वाट, खालची. आणि ती मी माझ्या हातांनी काळी माती भरून बंद केली होती. पाणी घालणारी ती मुलगी निर्दोष होती. दोष माती निवडणाऱ्याचा होता.

सोमवारी मी वर्गात तीन सारखे डबे आणले. प्रत्येकाच्या तळाला खिळ्याने सारखीच भोके पाडली. एकात काळी माती, दुसऱ्यात बागेतली मिश्र माती आणि तिसऱ्यात चाळलेला मुरूम भरला. तिन्ही डबे आधी चांगले भिजवून घेतले. कारण कोरडी माती पहिले पाणी स्वतःच पिऊन टाकते व आपली फसगत होते. मग प्रत्येकात पेलाभर पाणी ओतले. मुरमातून पाणी ओतता ओतताच खाली धार लागली. मिश्र मातीतून थेंब थेंब पडू लागले. काळ्या मातीवर मात्र मधल्या सुट्टीपर्यंत पाण्याचे तळे साचलेले होते. सर्व मुले त्या तळ्याकडे पाहत राहिली.

तेव्हा मी त्या मुलीकडे वळून म्हणालो, "परवा मी तुला दोष दिला. ती माझी चूक होती. रोप तू मारले नाहीस. माझ्या अज्ञानाने ते मेले." वर्गासमोर रागावलो होतो, म्हणून वर्गासमोरच हे सांगणे मला योग्य वाटले. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी आजीच्या कोरफडीचे आणखी एक पिल्लू घेऊन आली.

या वेळी आम्ही माती पारखून घेतली. आधी मुरूम तपासला. सर्वच मुरूम सारखा नसतो. काहींचे खडे पाण्यात विरघळून चिखल होतो. म्हणून मूठभर खडे रात्रभर पाण्यात भिजत घालावेत. सकाळी ते शाबूत असले, तरच तो मुरूम कामाचा. नंतर त्यातील मोठे दगड वेचून काढले व बारीक धूळ चाळून टाकली. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे ठेवले. असा मुरूम दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळलेली माती एक भाग, असे मिश्रण केले. वाळू मिळत नसेल, तर फुटक्या विटांचे बारीक तुकडे चालतात. नदीच्या पात्रातून मनास येईल तशी वाळू उपसणे योग्य नव्हे. मिश्रण ओलसर करून मुठीत दाबावे. मूठ उघडताच ते सुटे झाले, तर कोरफडीला योग्य. लाडू वळला गेला, तर आणखी मुरूम घालावा.

हे करताना तीन चुका टाळावयास हव्यात. पहिली चूक म्हणजे काळ्या मातीत ओंजळभर वाळू टाकून समाधान मानणे. वाळूचे थोडेसे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि वाळल्यावर तिची जणू वीट होते. खडे निम्म्याहून अधिक असले, तरच एकमेकांना टेकून त्यांच्यामध्ये फटी राहतात.

दुसरी चूक पुष्कळ अनुभवी माणसेही करतात. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर द्यावा व वर खुशाल काळी माती भरावी, असे त्यांना वाटते. परंतु बारीक कणांची माती पाण्याला स्पंजाप्रमाणे धरून ठेवते. ती पुरती भिजून तट्ट झाल्यावाचून खालच्या खड्यांत पाणी उतरतच नाही. उलट, त्या थराने कुंडीची उंची कमी होऊन ओल मुळांच्या अधिक जवळ येते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापर ठेवावे, तेवढे पुरे. सुधारावयाची ती सर्व माती, केवळ तळ नव्हे.

तिसरी चूक जमिनीत रोप लावणाऱ्यांची. काळ्या रानात खड्डा खणून त्यात मुरूम भरला, म्हणजे काम झाले, असे समजू नये. औशाचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. शत्रूला अडविण्यासाठी त्याच्याभोवती खंदक खणलेला आहे. काळ्या मातीतला मुरमाचा खड्डा हाही एक छोटा खंदकच होय. भोवतालचे पाणी त्यात येऊन साचते आणि बाहेर पडू शकत नाही. अशा ठिकाणी खाली न खणता वर चढावे. मुरूम व मातीचा वीतभर उंच उंचवटा करावा, त्याला उतार द्यावा आणि माथ्यावर रोप लावावे.

कुंडी निवडताना मातीची, न रंगविलेली घ्यावी. तिच्या अंगातूनही ओल बाहेर पडते आणि पाण्याच्या वरच्या वाटेला थोडी मदत होते. नवे रोप लावण्यापूर्वी त्याच्या मुळांवरील जखमा दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्याव्यात. पाणी ठरावीक वारी न घालता बोट मातीत खुपसून पाहावे आणि ती खोलवर कोरडी लागली, तरच घालावे. वैशाखातील उन्हात मुरूम लवकर तापतो व सुकतो. तेव्हा थोडी दुपारची सावली व अधूनमधून पाणी द्यावे. श्रावणात मात्र हात आखडता घ्यावा.

प्रत्येक गावी हेच प्रमाण चालेल, असे नाही. आपल्या लातूर जिल्ह्यात वर्षाकाठी साधारणपणे 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तो 3000 मिलिमीटरहून अधिक असतो आणि समुद्रकाठची हवा बहुतेक वर्षभर दमट राहते. तेथे वरची वाट फार काळ मंदावलेली असते. म्हणून कोकणातील मुलांनी खड्यांचे प्रमाण आणखी वाढवावे आणि ऐन पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली न ठेवता वळचणीला घ्यावी. तेथे मुरूम नसला, तरी जांभ्या दगडाची बारीक खडी असते. गावागावाचा खडक निराळा. पण पाण्याच्या वाटा सगळीकडे तीनच. कोणती वाट बंद आहे, हे ओळखावे आणि दुसरी मोकळी करावी.

ते दुसरे पिल्लू आमच्या शाळेत अनेक वर्षे जगले. किती झडी आल्या आणि गेल्या. पण ते डगमगले नाही. निवृत्त होताना मी त्याच्या एका पिल्लाला माझ्या अंगणात आणले. तेथे आजही कोरफडीचा एक ताटवा आहे. शेजारचा काळ्या मातीचा वाफा मी मोडलेला नाही. त्यात मेथी फार सुरेख येते. कोणी अंगणात येऊन मला विचारले, की "गुरुजी, चांगली माती कोणती?" तर आता मी एकदम उत्तर देत नाही. मी आधी विचारतो, "कोणासाठी?"

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) गुरुजींनी मुलीला दोष का दिला? तो दोष चुकीचा होता, हे त्यांना कसे कळले?
(आ) मुरूम व काळी माती यांना 'एकाच खडकाची लेकरे' का म्हटले आहे?
(इ) तिन्ही डबे आधी का भिजवून घेतले?

2. कारणे द्या.
(अ) श्रावणातील झडीत झेंडू जगला, पण कोरफड मेली.
(आ) कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर देऊन भागत नाही.
(इ) गुरुजींनी आपली चूक वर्गासमोरच कबूल केली.

3. 'पाणी जसं आलं पाहिजे, तसं गेलंही पाहिजे,' या आजोबांच्या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.

4. पुढील शब्द व वाक्प्रचार यांचा वाक्यांत उपयोग करा : तग धरणे, हात आखडता घेणे, फसगत होणे, बरड, उघडीप.

5. उपक्रम : आपल्या घराजवळील तीन ठिकाणची माती आणून पाठातील डब्यांचा प्रयोग करा. कोणत्या मातीतून पाणी किती वेळात गेले, ते वहीत नोंदवा आणि प्रत्येक माती कोणत्या रोपाला मानवेल, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.